होडी आधी बुडवावी लागते

“कपाळाला हात लावून पानी थांबत न्हाई. भाईर या आधी,” सुभद्राबाई काठावरच्या खुर्चीतून म्हणाल्या.

उद्धवराव बाहेर आले ते मांड्यांपर्यंत भिजून. मागे होडी एका कुशीवर कलली होती आणि धरणाचं पाणी तिच्यात पाहुण्यासारखं ऐसपैस बसलं होतं. इतके दिवस खपून फटीफटीत भरलेलं लुकण पापडासारखं तडकून वर आलं होतं. लुकण साधंसुधं नव्हतं, कंपनीत लोखंडाच्या भेगा बुजवायला वापरतात ते होतं. भोसरीच्या वर्कशॉपात आणि पुढे चाकणच्या कंपनीत मिळून ज्यांनी फिटर म्हणून जन्म काढला, ज्यांच्या हातचा एक जॉब कधी रिजेक्ट होऊन परत आला नाही, त्यांच्यावर साहेबरावाच्या कोंबड्यांसमोर ही पाळी आली. साहेबराव हा सुभद्राबाईंचा भाचा. मामांच्या तोंडावर हसणं बरं दिसत नाही म्हणून तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

“लाकूड वाळल्यालं व्हतं. पान्यात गेलं की ते फुगतंय,” सुभद्राबाई म्हणाल्या. “तुमी फटी दगडावानी गच्च केल्या. मंग फुगून त्यानं जावं कुठं?”

“आधी सांगायचं ना मग. कामून नाही सांगितलंस?”

“तुमी इचारलं कुठं?”

आणि त्या हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसल्या. हे हसणं उद्धवरावांनी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं, त्यामुळे फजितीचं त्यांना काही वाटलं नाही. ते ओल्या पँटीनिशी तसेच तिच्याकडे बघत उभे राहिले.

होडी आबाजींची, म्हणजे सुभद्राबाईंच्या वडिलांची. पूर्वी इथे नुसती नदी होती तेव्हा आबाजी बांबू रेटत माणसं पलीकडे न्यायचे. भोसरीच्या वर्कशॉपात उद्धवरावांबरोबर काम करणाऱ्या एका काकाने सुभद्राबाईंचं लग्न त्यांच्याशी जमवलं, तेव्हा नवरानवरीची पाठवणीही याच होडीतून झाली. आबाजींची एक रीत होती. लेक सासरी निघाली की मध्यावर, जिथे धार सगळ्यात खोल, तिथे होडी थांबवायची आणि नदीचं पाणी तिला पोटभर पाजायचं. माहेराहून कोरड्या घशाने जायचं नाही. लेकीचं झाल्यावर त्यांनी जावयापुढेही ओंजळ केली. जावई जालन्याकडचे. त्यांच्या गावात टँकर आला की हंड्यांची मारामारी व्हायची आणि त्यांची आई पाण्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाला एकच शब्द सांगायची, ‘जपून’. उद्धवरावांनी सासऱ्याच्या ओंजळीतून घोटभर घेतलं आणि पुरे म्हणाले. आबाजी मरेपर्यंत गावभर सांगत होते, आमचे जावई नदीतसुद्धा जपून पितात.

संसारातली पहिली भांडणंही पाण्यावरूनच झाली. सुभद्राबाई पाय धुवायला बादली ओतायच्या, अंगण दोनदा शिंपायच्या, आणि उद्धवराव मागून जाऊन नळ बंद करायचे. चाळीतल्या बायकांत ‘माझा नळ-बंद नवरा’ असाच त्यांचा उल्लेख व्हायचा. मग धरण झालं, माहेरचं गाव पाण्याखाली गेलं, वस्ती वर टेकाडावर आली. आबाजींचा बांबू तळाला टेकेना. म्हाताऱ्याने हार मानली नाही. होडीला डोलकाठी लावली, खताच्या गोण्या उसवून शीड शिवलं. लोकांनी आधी वेड्यात काढलं आणि मग त्याच शिडाखाली बसून बाजाराला गेले. पुढे पूल झाला. आबाजी गेले, होडी साहेबरावाच्या गोठ्यामागे पालथी पडली, आणि कोंबड्या तिच्याखाली अंडी घालू लागल्या.

तिकडे सुभद्राबाईंच्या किडन्यांनी हात टेकले. दिवसाआड पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं. दिवसाला एक लहान स्टीलची बाटली, त्यातच गोळ्या आणि त्यातच चहा. जिने जन्मभर पाणी उधळलं तिला मोजून पाणी द्यायचं, आणि मोजणारा कोण, तर नळ बंद करणारा नवरा. उद्धवरावांनी स्वतःची किडनी देऊ केली. त्यांना साखर होती, डॉक्टर नाही म्हणाले. राजगुरुनगरला दिलेली लेक दिव्या तयार होती. सुभद्राबाई म्हणाल्या, तिची लेकरं लहान हायेत, आणि तो विषय परत कुणाला काढू दिला नाही.

तीन वर्षं अशी गेली. मग एकदा दवाखान्यातून परतताना चाकणच्या चौकात रिक्षा अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, शेजारी नव्याकोऱ्या मोटारी लादलेला लांबलचक ट्रेलर. पायांत गोळे आलेले, अंगातलं सगळं पिळून काढल्यासारखा चेहरा झालेला, अशा सुभद्राबाई बराच वेळ त्या मोटारी बघत होत्या.

“मला नगं आता हे,” त्या म्हणाल्या. “लई झालं.”

रिक्षा दोन हात पुढे सरकली आणि थांबली.

“बाची होडी पान्यावर आल्याली बघायची हाय मला. शीड लावून येकदा मधी जायचं, तुमी नि मी. तवर येते मी तुमच्यासंगं दवाखान्यात. त्याच्यामागं मला कुनी बोलवायचं न्हाई.”

त्या कबूल करवून घेऊनच थांबल्या. बुडत्याला काडीचा आधार, इथे तर अख्खी होडी मिळाली होती. उद्धवरावांनी मनाशी हिशेब केला की होडीच्या नादाने तिचं मन रमेल, पाण्यावर जाऊन आली की चार दिवस जास्त जगावंसं वाटेल, आणि ही अट ती आपोआप विसरेल. म्हणून ते ईर्ष्येने कामाला लागले. जुन्या स्कूटरवर तिला मागे बसवून दवाखाना नसेल त्या दिवशी धरणावर यायचे, तिला जांभळीखाली खुर्ची टाकून द्यायचे आणि कुजलेल्या फळ्या काढायला घ्यायचे. त्या ईर्ष्येचं फळ म्हणजे तडकलेलं लुकण आणि कोंबड्यांसमोर झालेली फजिती.

पण दुसऱ्या दिवशी वेगळंच घडलं. दवाखान्याच्या दिवशी सुभद्राबाईंना उठवता उठवता उद्धवरावांचा घाम निघायचा. त्या दिवशी त्या आपणहून वेणी घालून दारात बसल्या होत्या. होडी झाली न्हाई ना, मंग चला, एवढंच म्हणाल्या. पिंपरीच्या वाटेवर उद्धवरावांच्या डोक्यात तो विचार पहिल्यांदा आला. होडी बुडाली म्हणून ही आज चालली आहे. होडी तरेल त्या दिवशी ही थांबेल.

त्या दिवसापासून ज्या माणसाला वाईट काम जमत नव्हतं तो माणूस वाईट काम शिकला. लुकण खरवडून काढलं, बायकोने सांगितल्याप्रमाणे तेलातला कापूस फटींत ठोकायला घेतला, वरून राळ घातली. पण सांजेला सुभद्राबाई साहेबरावाच्या घरी जरा आडव्या झाल्या की उद्धवराव त्यातला बोटभर कापूस हळूच उपसून ठेवायचे. बसवलेला खिळा पकडीने सूतभर ओढून ढिला करायचे. तांब्याचे खिळे चाकणला मिळत नाहीत म्हणायचे, पिंपरी बाजारात बघतो म्हणायचे, आणि पिंपरीत गेल्यावर दुकानावरून नुसती फेरी मारून यायचे. एक फळी त्यांनी तीनदा कापली आणि तिन्ही वेळा चुकवली. सुताराने शिकाऊ पोराला हाकललं असतं असं ते काम होतं. आपण चोरी करतो आहोत हे त्यांना ठाऊक होतं. चोरीचा माल म्हणजे बायकोचे दिवस, आणि ते दिवस तिला कसे जात होते हेही त्यांना दिसत होतं. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. हातावर सुयांच्या जागी लिंबाएवढ्या गाठी आल्या होत्या. दवाखान्यातून आल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या आणि हाक मारली तरी ओ द्यायच्या नाहीत. हे सगळं तिच्यासाठी चाललंय की आपल्यासाठी, असा प्रश्न उद्धवरावांनी स्वतःला विचारला नाही. उत्तर माहीत असलेला प्रश्न माणूस कशाला विचारेल?

शिडाच्या बाबतीत मात्र त्यांना फार वेळ काढता आला नाही. साहेबरावाने रस्त्याकडेचा एक भला थोरला फ्लेक्स आणून दिला. कुण्या नानासाहेबांचा वाढदिवस होऊन गेला होता, आणि त्यावर नानासाहेब ‘भावी आमदार’ म्हणून हात जोडून हसत होते. सुभद्राबाईंनी सुई-दोरा मागून घेतला आणि खुर्चीत बसून स्वतः काठ शिवले. शीड उभं केलं तेव्हा आमदार कमरेपासून वरच शिल्लक राहिले होते. बाच्या गोण्यांपेक्षा झ्याक हाय, त्या म्हणाल्या. उद्धवरावांना नानासाहेबांच्या त्या हसऱ्या तोंडाचा मनापासून राग आला.

माघ सरत आला. एका सकाळी ते होडीखाली पालथे पडून तोच तो खिळा पुन्हा ठोकत होते. वरून सावली पडली. सुभद्राबाई खुर्ची सोडून, झाडाला आणि मग होडीला धरत धरत तिथवर आल्या होत्या.

“ह्यो खिळा परवा बसला व्हता,” त्या म्हणाल्या.

“लाकूड जुनं आहे. धरत नाही.”

“लाकूड धरतंय. मी होडीवाल्याची पोर हाय. सांजच्याला ठोकल्यालं सकाळी ढिलं कसं व्हतं, ते मला कळत न्हाई व्हय?”

उद्धवराव खालीच पडून राहिले. त्यांना फक्त तिचे सुजलेले पाय दिसत होते.

“कळत होतं तर बोलली नाहीस कामून?”

“तुमाला आनखी दिस पायजे व्हते. म्हून दिले.” त्यांना दम लागला. थोडं थांबून त्या म्हणाल्या, “दर खेपंला ती सुई मी तुमच्यासाठी टोचून घेतली. आता न्हाई सोसत वो.”

उद्धवरावांच्या हातातून हातोडी सुटली. ते बाहेर आले, पण तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. या बाईपुढे आपण चोर तर आहोतच, वर चोरी कळूनही हिने दार उघडं ठेवलं होतं. त्यांनी तिला खुर्चीत नेऊन बसवलं आणि तिच्या पायांशी जमिनीवर बसले. आणखी एकदा विचार कर, दिव्याचा विचार कर, असं सगळं बोलून झालं. सुभद्राबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांच्या डोक्यावरचा लाकडाचा भुसा बोटांनी झटकत त्या म्हणाल्या, “होडी बुडवा.”

“काय?”

“होडी आधी बुडवावी लागती. दगड भरून चार दिस पान्याखाली ठिवायची. लाकूड पानी पितं, फुगतं, नि आपल्या आपन फटी मिटतात. बा दरसाल करायचा. न प्याल्याली होडी तरत न्हाई.”

उद्धवरावांनी उपसलेला सगळा कापूस त्या दिवशी परत ठोकला. खिळे बसवले ते कायमचे बसवले. हात चुकत नव्हते. नंतर त्यांनी आणि साहेबरावाने होडीत दगड भरले आणि तिला कमरेएवढ्या पाण्यात खाली बसवलं. मधल्या दिवसांत दोनदा पिंपरीला जायचं होतं. सुभद्राबाई ठरल्या शब्दाप्रमाणे आल्या. दुसऱ्या खेपेला तिथल्या नर्सबाईंचा, शेजारच्या खाटेवरच्या बाईचा त्यांनी निरोप घेतला, पण अशा रीतीने की त्यांना तो निरोप आहे हे कळू नये. उद्धवरावांना मात्र कळलं. लाकूड आतून सडलेलं निघू दे, वर काढताना होडीचे दोन तुकडे होऊ देत, असा नवस त्यांनी रिक्षात बसल्या बसल्या केला. असा नवस कुठल्या देवाला बोलायचा हे मात्र त्यांना सुचेना.

होडी वर आली ती एकसंध. पाणी उपसून काढलं आणि फटींवरून हात फिरवला, तर नखसुद्धा आत शिरेना.

निघायच्या दिवशी दिव्या आली होती. आईने तिला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं, रडून झालं होतं. आता ती आईच्या केसांत अबोली माळत होती. साहेबरावाने आत्याला उचलून होडीत ठेवलं. त्याला बरोबर यायचं होतं, पण सुभद्राबाई म्हणाल्या, आमी दोघंच. मग त्याने पोहता न येणाऱ्या मामांसाठी ट्रकची फुगवलेली ट्यूब आत टाकली, आणि पाणी आलंच तर उपसायला म्हणून वरून कापलेला तेलाचा डबा. उद्धवरावांच्या पिशवीत त्या दिवसाची स्टीलची बाटली होती.

दुपारचं वारं पश्चिमेकडून सुटलं. सुभद्राबाई मागे सुकाणूचं वल्हं काखेत धरून बसल्या आणि तिथून हुकूम सोडू लागल्या. दोर सोडा. आता आवळा. तिकडं बसा. जन्मभर घरात हुकूम कुणाचा चालला हे सांगायला नको, पण असा आवाज उद्धवरावांनी कधी ऐकला नव्हता. शीड फुगलं. नानासाहेबांचे गाल फुगले. होडी एकदा अंग झटकून पुढे सरकली आणि काठ, जांभूळ, हात हलवणारी दिव्या, सगळं मागे जाऊ लागलं.

निम्म्या वाटेत वाऱ्याचा जोर आला. होडी एकदम कलली, पाणी काठाशी येऊन उभं राहिलं, आणि उद्धवराव तळावर पालथे पडले. दोर हातातून निसटला. त्या क्षणी त्यांना भीती वाटली ती फार थोडी. त्याहून मोठा विचार मनात आला, की बुडू दे, दोघं एकदमच बुडू देत, म्हणजे मला एकट्याला परत जायला नको. ट्यूब हाताशी होती, त्यांनी ती धरली नाही.

“दोर धरा,” मागून आवाज आला. “मी हाय न्हवं हितं.”

त्यांनी दोर धरला. सुभद्राबाईंनी सगळ्या अंगाचा भार वल्ह्यावर टाकला. होडी हळूहळू सरळ झाली आणि पुन्हा धावू लागली. सुभद्राबाईंचा श्वास भात्यासारखा चालला होता, कपाळावरून घाम ओघळत होता, आणि तोंड हसत होतं. केसांतली अबोली कधीच उडून गेली होती.

उद्धवराव गुडघ्यांवर बसले. तळावर हात ठेवला. मग पुढे सरकून कोपऱ्यात ठेवला. प्रत्येक फळी, प्रत्येक जोड त्यांनी तळहाताने चाचपून पाहिला, जिथे कापूस उपसला होता तिथे, जिथे खिळा ढिला केला होता तिथे. कुठून तरी थेंबभर पाणी यावं म्हणून ते शोधत होते. थेंबभर जरी सापडलं असतं तरी होडी नापास झाली असती आणि उद्या पुन्हा पिंपरीला जाता आलं असतं.

“कोरडी हाय न्हवं?” सुभद्राबाईंनी विचारलं.

“कोरडी आहे,” उद्धवराव म्हणाले, आणि रडू लागले. आवाज काढून रडले. आजूबाजूला ऐकायला कुणी नव्हतं.

सुभद्राबाईंनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, “तुमच्या हातचं काम कदी परत आलं न्हाई. आजबी न्हाई आलं.”

धरणाच्या मध्यावर त्यांनी शीड पाडायला सांगितलं. होडी आपल्या जागी डुलत राहिली. पाणी इथे काळंशार होतं. खाली कुठेतरी जुनी नदी होती, तिच्या काठावर घर होतं, आणि वर हे दोघं. सुभद्राबाई बराच वेळ नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी एका बाजूला कलून हात खाली सोडला. गाठी आलेला तो हात काठापर्यंतच गेला.

“हात पोचंना. तुमी द्या.”

उद्धवरावांनी पिशवीतली बाटली काढली. सुभद्राबाईंनी नकाराची मान हलवली.

“त्ये न्हाई. हितलं.”

उद्धवरावांना सगळं समजलं. आता हे पाणी अंगात गेलं की कुठे साठणार, श्वास कसा कोंडणार, किती दिवस उरणार, हे डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलेलं होतं. तीन वर्षं प्रत्येक घोट त्यांनी स्वतः मोजला होता. त्यांनी बाटली पिशवीत परत ठेवली. इकडेतिकडे पाहिलं. तेलाचा डबा होडीच्या तळाशी पडला होता, साहेबरावाने टाकला तसाच, कोरडा. उपसायला पाणीच आलं नव्हतं. उद्धवरावांनी तो उचलला, वाकून दोनदा विसळला आणि भरला. डबा तिच्या हातात देताना ‘जपून’ हा शब्द ओठांपर्यंत आला होता, तो त्यांनी गिळला.

सुभद्राबाईंनी डबा दोन्ही हातांत धरला आणि तोंडाला लावला. त्या घटाघटा प्यायल्या. पाणी हनुवटीवरून गळ्यावर आलं, पदर भिजला, मांडीवर सांडलं. उद्धवरावांनी ते सांडू दिलं.

डबा रिकामा झाला. सुभद्राबाईंनी डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला आणि डबा पुन्हा पुढे केला. उद्धवराव काठावरून वाकले आणि त्यांनी तो काठोकाठ भरून दिला.